क्रोसवीकची अमेरिकन

१४ नोव्हेंबर, बुधवार

स्तिर्मिर गेला. कोच गेला!

बास्केटबॉलचा सामना हरून आम्ही कपडे बदलायच्या खोलीत बसलो होतो. तो दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, राजधानीतल्या क्लबचं बोलावणं आलंय, सोमवारपासून तिकडे. एय्दीस रडायला लागली. एकोणीस वर्षांची आहे, तिला वाटतं कोच म्हणजे जन्मभराचा असतो. हाल्दोरा — आमची कप्तान — गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. ती म्हणाली, "जायचं तर जा. क्लबच्या गाडीची किल्ली तेवढी ठेवून जा."

मला धक्का वगैरे बसला नाही. अकरावा हंगाम चाललाय परदेशातला. रुमानियात दोन सामन्यांनंतर माझीच बॅग दाराबाहेर ठेवली होती, कारण अमेरिकन असून मी फार गुण केले नाहीत. अमेरिकन खेळाडू आणायची ती गुण करायला. नाही केले तर परतीचं विमान. पोर्तुगालमध्ये निदान जेवू घालून पाठवलं होतं. कोच लोकांचं बरं असतं, ते आपल्या पायांनी जातात.

आठ संघांत आम्ही आठवे. शेवटचा येईल तो खालच्या विभागात. आणि आज सूर्यही डोंगराआड गेला तो गेलाच, आता जानेवारीच्या शेवटीच दिसेल. चांगला दिवस निवडला स्तिर्मिरने.

१६ नोव्हेंबर

सकाळी इंगीमुंदुर वर आला. क्लबचा अध्यक्ष तोच, खालची बेकरी त्याची आणि मी राहते ती जागाही त्याचीच. भुवयांवर पीठ, हातात दालचिनीचे गरम बन. इंगीमुंदुर बन घेऊन वर आला की समजावं, काहीतरी मागायचंय. मागच्या वेळी बन आले तेव्हा शाळेतल्या मुलींना शिकवायचं काम गळ्यात पडलं होतं.

"कोच मिळाला," तो म्हणाला.

"कोण?"

"आधी बन खा."

तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, "इंगीमुंदुर, मी खेळायला आलेय."

"मग खेळ की. कोण नको म्हणतंय? खेळता खेळता सांगत जा त्यांना."

"दुसरं कोणीच नाही?"

"एक जण तयार आहे. पण तो हँडबॉलचा आहे. आणि नोव्हेंबरात क्रोसवीकच्या खाडीत कोण येतंय? उन्हाळा असता तर मासे धरायला म्हणून तरी कोणी आलं असतं."

मी सांगितलं, मोठ्या बायकांना मी कधी शिकवलेलं नाही. हाल्दोरा माझी मैत्रीण आहे, तिच्यावर मी काय ओरडणार? आणि माझी भाषा अजून अर्धीकच्ची. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसरा बन माझ्यापुढे सरकवला.

"नाताळापर्यंत," मी म्हटलं.

"नाताळापर्यंत," तो म्हणाला. लहान पोराला ‘बरं हं’ म्हणतात तशा आवाजात.

१७ नोव्हेंबर

आईला अजून सांगितलं नाही. सांगितलं तर आधी अर्धा तास हसेल.

२० नोव्हेंबर

पहिला सराव. शिट्टी गळ्यात घातली तर हाल्दोराने सलाम ठोकला. सगळ्या हसल्या, मीही हसले. मग बचावाचा सराव घेताना मला म्हणायचं होतं ‘गुडघे वाकवा’ आणि मी मोठ्या आवाजात म्हणाले ‘गुडघे भाजा’. इथल्या भाषेत दोन शब्द शेजारी-शेजारी राहतात, माझा काय दोष? एय्दीस जमिनीवर लोळायची बाकी होती. हाल्दोरा म्हणाली, "किती वेळ भाजायचे? इंगीमुंदुरला विचारून येऊ का?"

पण नंतर पळाल्या. शेवटपर्यंत पळाल्या. जाताना एय्दीस म्हणाली, "स्तिर्मिर इतकं पळवत नव्हता." तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

आईला सांगितलं. खरंच हसली. मग म्हणाली, "तुझ्या आजीला कळायला हवं होतं. तिला वाटायचं तू कोणाचं ऐकत नाहीस म्हणून तुझं काही होणार नाही. आता तर दुसऱ्यांना ऐकायला लावायची वेळ आली."

२८ नोव्हेंबर

हरलो. मी चोवीस गुण केले. तरी हरलो.

हाल्दोराबद्दल इथे लिहूनच टाकते, दुसरीकडे बोलायची सोय नाही. गावात एखादी गोष्ट एका कानात सांगितली की संध्याकाळी गावाच्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबत सगळे तिच्यावर चर्चा करतात.

दोन वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा मला लाव्होंडा म्हणणं कोणाला जमेना. हाल्दोराने पहिल्याच दिवशी ‘लाव्हा’ करून टाकलं. म्हणाली, ज्वालामुखींच्या देशात हा शब्द सगळ्यांना पाठ आहे. ती सदतिसाची, हिवाळाभर घाटात बर्फ काढायचा ट्रक चालवते, दोन मुलं, आणि अठरा वर्षं या संघात. तिच्या खांद्याला खांदा लागला की माणूस दोन पावलं मागे जातं. माझ्या दोन्ही नाताळांचं जेवण तिच्या घरी झालंय.

पण पळणं आता होत नाही तिच्याने. चेंडू हातचा गेला की समोरच्या पोरी तिच्या पुढून निघून जातात, ती अजून मधल्या रेषेवर असते. आज तसे कितीतरी गुण गेले. सगळ्यांनी पाहिलं. कोणी बोललं नाही. बोलायचं काम आता माझं.

५ डिसेंबर

आज हाल्दोराला बाकावर बसवलं. खडूने फळ्यावर पाच नावं लिहिली, तिच्या जागी एय्दीस. हाल्दोराने फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. कप्तानाची पट्टी दंडावरून काढून एय्दीसच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "सैल होईल तुला. पिन लाव."

जिंकलो. पहिला विजय! एय्दीस उडत होती नुसती. इंगीमुंदुर माइकवर निकाल सांगताना इतका ओरडला की शेवटी आवाजच बसला.

हाल्दोरा शेवटची पाच मिनिटं खेळली, अंघोळ न करता गेली. तिच्या ट्रकचा पिवळा दिवा घाटाकडे जाताना दिसला. आज तिची ड्यूटी नव्हती.

९ डिसेंबर

गावाला मत आहे. पोस्टातल्या बाईंचं मत — तरुणांना संधी द्यायलाच हवी. दुकानदाराचं मत — अठरा वर्षं खेळलेल्या बाईला असं वागवतात का? चर्चचे पाद्री गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसले होते. त्यांनी मला बोलावलं आणि पाण्यावर बोटाने आखून दाखवलं की माझी बचावाची रचना डाव्या बाजूला कशी उघडी पडते. त्यांचं बरोबर होतं, हा खरा त्रास.

हाल्दोरा सरावाला येते. सांगेन ते करते. ‘हो कोच’ म्हणते. ‘लाव्हा’ म्हणत नाही.

१३ डिसेंबर

पुन्हा जिंकलो. हाल्दोरा ‘हो कोच.’

२३ डिसेंबर

नाताळ उद्यावर आला आणि हाल्दोराकडून जेवायचं बोलावणं नाही. आईला खोटंच सांगितलं की मी दमलेय, घरीच आराम करणार. आई म्हणाली, "दमलेली माणसं इतकं स्पष्ट बोलत नाहीत. काय झालंय?" सांगितलं. ती म्हणाली, "मग तू जा ना तिच्याकडे. पाय मोडलेत का?"

बूट घालत होते तोवर दार वाजलं. हाल्दोरा. हातात झाकलेलं पातेलं. झाकण काढलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं — कुजवलेला पाकट मासा! आजच्या दिवशी या खाडीत घरोघरी तोच शिजतो. वास असा की गोठा आणि दवाखाना एकत्र उकळल्यासारखा. दोन वर्षं मी काही ना काही कारण सांगून सुटले होते.

"बस," ती म्हणाली. "आज तू हा खाणार आणि मी बोलणार."

मी खाल्ला. काय करते!

ती म्हणाली, "बाकावर बसवलंस त्याचं मला काही नाही. मला माझे पाय ठाऊक आहेत. जिना चढताना रोज भेटतात ते मला. पण मला फळ्यावर वाचायला लागलं, लाव्हा. सगळ्या पोरींबरोबर. अठरा वर्षांनी. तू आदल्या दिवशी कॉफी प्यायला आली असतीस आणि म्हणाली असतीस, हाल्दोरा, आता अशी अशी गोष्ट आहे — तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, आणि झालं असतं."

मला सांगता येईना की मी घाबरले होते. पण तिने ओळखलं असावं. म्हणाली, "स्तिर्मिर असाच करायचा, फळ्यामागे लपायचा. त्याच्याकडून एवढीच गोष्ट उचललीस?"

मी माफी मागितली. घास तोंडात होता, त्यामुळे नीट मागता आली नाही.

"गिळ आधी," ती म्हणाली. "आणि उद्या सहाला ये. मुलं विचारतायत. आणि हे कपडे बाहेर टांग, नाहीतर दारातून आत घेणार नाही."

नाताळापर्यंतचं काम होतं. त्याबद्दल इंगीमुंदुर काही बोलला नाही. मीही नाही.

२४ डिसेंबर

मेंढीचं मांस, लाल कोबी, बटाटे. धाकट्याने मला लोकरी मोजे दिले, दोन्ही वेगवेगळ्या मापाचे. हाल्दोराने ‘लाव्हा, मीठ दे’ म्हटलं आणि मी मीठ द्यायला इतक्या घाईने उठले की खुर्ची पडली.

२५ जानेवारी, शुक्रवार

सूर्य आला!

खरं म्हणजे ढग होते, डोंगराच्या खांद्यावर नुसती एक पिवळी रेघ आली आणि गेली. पण आली. शाळा सुटली, मासळीच्या कारखान्यातल्या बायका हातमोजे काढून रस्त्यावर आल्या, इंगीमुंदुरने बेकरीच्या दारात टेबल मांडून पातळ घावने घातली — आत जॅम, वर साय. सगळे सूर्याकडे पाठ करून कॉफी पीत होते, कारण तेवढ्या रेघेनेही डोळे दिपतात. आमच्याकडे, अमेरिकेतल्या पाइन ब्लफला, लोक उन्हातून पळून सावलीत जातात. आईला फोनवर दाखवलं. म्हणाली, "एवढ्याशा उन्हासाठी एवढे लोक? इकडे पाठवा, फुकट देतो."

तिनेच मग दुसरी गोष्ट सांगितली. माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका तिला चर्चमध्ये भेटल्या. मुलींच्या संघाचे कोच निवृत्त होतायत. त्यांना मी हवीय. ऑगस्टपासून. घरापासून चालत जाता येईल अशी नोकरी, कायमची.

"मी काही म्हणत नाही," आई म्हणाली. आई असं म्हणते तेव्हा तिला बरंच काही म्हणायचं असतं.

मी म्हटलं, हंगाम संपू दे. एप्रिलमध्ये सांगते.

चौतीस वर्षांची होईपर्यंत मला कोणी ‘कायमची’ म्हणून काही दिलं नव्हतं. दर वर्ष-दोन वर्षांनी नवी खोली, नवी चावी, नवीन भाषेतले ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’. आनंद व्हायला हवा. झालाही. मग तिसरं घावन खाल्लं.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहायलाच हवा.

घाटापलीकडच्या गावात सामना. सकाळपासून वादळ, रस्ता बंद. गेलो नाही तर गुण त्यांना. आम्ही सातवे आहोत, ते आठवे. मी डोक्याला हात लावून बेकरीत बसले होते. हाल्दोराने तिच्या साहेबाला फोन लावला.

"घाट साफ करायचाच आहे ना? मग या बाजूने सुरू करते. नाही, वारा आहे, पण उतरतोय. हो, सामना आहे. हो, मी तिकडूनच परत येईन. हो, जिंकून."

मग अशी वरात निघाली. पुढे हाल्दोराचा ट्रक, पिवळा दिवा, दोन्ही बाजूंना बर्फाचे फवारे. मागे आमची गाडी, इंगीमुंदुर चालवतोय, नाक काचेला लागलेलं, दर वळणावर स्वतःशीच पुटपुटतोय. घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंपावर दोन माणसं अडकून बसली होती — आजचे रेफरी! त्यांनाही गाडीत घेतलं. इंगीमुंदुरने मागे वळून त्यांना बन दिले. मी म्हटलं, समोर बघ, मेहेरबानी कर.

एक रेफरी म्हणाला, "हे खाल्लं तर लाच होईल का?"

"लाच असती तर वर साखर घातली असती," इंगीमुंदुर म्हणाला.

पोचलो तेव्हा तिकडच्या पोरी जिंकल्यासारख्या चेंडूशी खेळत होत्या. आम्हाला बघून त्यांचे चेहरे पडले. हाल्दोरा ट्रकमधून उतरली, जाकीट काढलं, आत संघाचा गणवेश घातलेलाच. ट्रकचं स्टिअरिंग धरून बोटं इतकी आखडली होती की पहिले दोन चेंडू सुटले. मग एकही सुटला नाही.

दुसऱ्या सत्रात इंगीमुंदुर बाकावरून एवढा ओरडला की त्याच रेफरीने आमच्यावर फाउल दिला. इंगीमुंदुर परत येईपर्यंत तेच म्हणत होता — "तीन बन खाल्ले त्याने. मी मोजले."

जिंकलो. येताना ट्रकमध्ये हाल्दोराशेजारी मी बसले. घाटाचा माथा आला. मग ती म्हणाली, "पाइन ब्लफमध्ये बर्फ पडतं का?"

गावाला कळलंय म्हणजे. कसं काय, देव जाणे.

"फार नाही," मी म्हटलं.

"मग तिकडे मला काम मिळणार नाही," ती म्हणाली आणि गिअर बदलला.

९ मार्च

हरलो. गुडघा सुजलाय.

आई प्रत्येक सामना इंटरनेटवरून बघते. म्हणाली, "ती लांब वेणीची मुलगी तुझ्या पुढून दोनदा निघून गेली, पाहिलंस का?"

"आई, गुडघा दुखत होता."

"गुडघा चौतीस वर्षांचा आहे, बाळा. त्याला पण काही म्हणायचं असेल."

फोन ठेवला. रागाने नाही. म्हणजे, थोडा राग होताच. चार हजार मैलांवरून — किती मैल असतील ते असोत — खोलीतल्या टीव्हीवर बघून तिला दिसतं, आणि मी मैदानावर असून मला दिसत नाही?

मला दिसतं. आजच दिसलं असं नाही.

२३ मार्च, शनिवार

बूटही न काढता लिहितेय, अक्षर वाईट येईल.

शेवटचा सामना. जिंकलो तर वरच्या विभागात राहणार, हरलो तर खाली. आमचंच मैदान. गावात कोणी घरी नव्हतं. पाद्री पहिल्या रांगेत, मासळी कारखान्याची पाळी लवकर सुटलेली, पोरं भिंतीवरच्या शिड्यांवर लटकलेली.

तिसरं सत्र संपलं तेव्हा पाच गुणांनी मागे होतो. मी बरेच गुण केले होते, पण त्यांची चपळ मुलगी माझ्यावरूनच सगळे काढत होती. मी पाय टाकायची तोवर ती पलीकडे. एकदा तर मी तिच्या पाठीचा नंबर वाचला. पाठीचा नंबर वाचता येणं ही बचाव करणाऱ्या बाईसाठी चांगली गोष्ट नाही.

सगळ्या माझ्याभोवती गोळा झाल्या. फळा हातात होता. मी तो खाली ठेवला. म्हटलं, "ऐका. एय्दीस, तू त्या मुलीला धर. हाल्दोरा, तू आत. रिंगखाली उभी राहा आणि हलू नकोस."

हाल्दोरा म्हणाली, "कोणाच्या जागी?"

"माझ्या."

"तुझं डोकं फिरलंय का? अमेरिकनला बसवून कोणी सामना जिंकतं का?"

"मी तिला अडवू शकत नाही, हाल्दोरा. पाय नाहीत माझ्याकडे. तुला जिन्यात भेटतात ना, तसे मला ते आत्ता इथे भेटले."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मला दोन-तीन शब्द असे ऐकवले की ते मी इथे लिहिणार नाही. आणि गेली.

बसले. इतक्या वर्षांत चौथ्या सत्रात कधी बाकावर बसले नव्हते. बसायचं कसं तेच कळेना, पाय कुठे ठेवायचे? प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "लाव्हाला झालं काय?" इंगीमुंदुर माइक बंद करून माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा भट्टीत पाव करपल्यासारखा.

एय्दीसने त्या मुलीला सावलीसारखं धरलं. पहिल्यांदा मला बाहेरून, बाजूने, सगळं दिसत होतं — कोण दमलंय, कोण मोकळं आहे, त्यांची कोच केव्हा गोंधळते. मी उठून ओरडत होते, अर्धं इंग्रजी, अर्धं इथलं. ‘गुडघे भाजा’ म्हणाले असेन. कोणी हसलं नाही, सगळ्यांनी वाकवले.

हळूहळू बरोबरी. मग एका गुणाने पुढे. अगदी शेवटी ती चपळ मुलगी एय्दीसच्या हातून सुटली आणि सरळ रिंगकडे आली. मध्ये हाल्दोरा. हाल्दोरा पळू शकत नाही, उडी मारणं तर केव्हाच सोडलंय. पण उभं राहणं! घाटात वाऱ्यात ट्रक धरून ठेवणारी बाई. दोन्ही पाय रोवून, हात छातीशी धरून उभी राहिली. ती मुलगी तिच्यावर आदळली. हाल्दोरा पाठीवर पडली आणि घसरत पहिल्या रांगेतल्या पाद्रींच्या पायांपर्यंत गेली.

शिट्टी. चेंडू आत गेला होता. सगळं गाव श्वास रोखून रेफरीकडे. तोच तो, तीन बनवाला.

त्याने हात डोक्यामागे नेला. चूक धडकणाऱ्या मुलीची. गुण रद्द, चेंडू आमचा.

पुढचं मला नीट आठवत नाही. इंगीमुंदुरने मला उचललं, बासष्टाव्या वर्षी, आणि मग त्याला खाली ठेवता येईना. हाल्दोरा जमिनीवर पडूनच हसत होती, उठायला तयार नव्हती. मी जवळ गेले तर म्हणाली, "फळ्यावर नाही लिहिलंस. तोंडाने सांगितलंस. शिकतेयस."

आईचा फोन आला. चर्चच्या चार बायका तिच्याकडे जेवायला होत्या, सगळ्यांचा एकदम आवाज. मग ती एकटी स्वयंपाकघरात आली असावी, आवाज कमी झाला. म्हणाली, "तू बसलीस तेव्हा मी टीव्हीला शिव्या दिल्या. मग कॅमेऱ्याने तुला दाखवलं. मी तुला पाच वर्षांची असल्यापासून खेळताना बघतेय. इतकी कधी खेळात नव्हतीस तू."

२४ मार्च

झोपले. नुसती झोपले. खालून पावाचा वास येत होता.

२ एप्रिल

शाळेला उद्यापर्यंत कळवायचंय.

आज इंगीमुंदुर वर आला. रिकाम्या हाताने. मला भीतीच वाटली. खुर्चीवर बसला, टोपी फिरवत राहिला.

"बन आणले नाहीत," तो म्हणाला. "आणले असते तर तुला वाटलं असतं मी काहीतरी मागायला आलोय."

"नाही आलास?"

"आलोय. पण तू स्वतःहून ठरवावंस म्हणून."

हाल्दोराने सांगितलं की ती आणखी एक हंगाम खेळणार. "बाकावरून," असंही म्हणाली. एय्दीसला राजधानीच्या क्लबने विचारलं होतं. तिने स्तिर्मिरला काय उत्तर दिलं ते ऐकून मी तिच्यासाठी एक बन विकत घेतला.

आईला विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, "मला विचारून तू आजवर काही केलंयस का? तेविसाव्या वर्षी मला विचारून गेली होतीस का रुमानियाला? घर इथे आहे, ते कुठे जात नाही. मीही कुठे जात नाही. तुला बघायचं असलं तर विमानं दोन्हीकडून उडतात, असं ऐकलंय."

मग थोडं थांबून, "तिकडे ऑगस्टमध्ये कोट लागतो का गं?"

गुडघ्यावर बर्फ ठेवून खिडकीत बसलेय. समोरची खाडी निळी. मासेमारीच्या दोन होड्या परत येतायत. उद्या सकाळी फोन करायचा.

२९ ऑगस्ट

विमानतळावर गेले होते, क्लबची गाडी घेऊन. माझ्या जागी खेळायला नवी अमेरिकन खेळाडू यायची होती. ओहायोची, बावीस वर्षांची, ब्रिएल. त्या छोट्या विमानातून उतरली तेव्हा चेहरा पांढरा पडलेला. तिची एक बॅग राजधानीतच राहिली होती, म्हणून मी सामानवाल्याशी इथल्या भाषेत जरा भांडले. तो म्हणाला उद्या येईल, मी म्हटलं संध्याकाळी. संध्याकाळी येणार आहे.

गाडीत बसल्यावर मी तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागले. सराव कधी, खोली कुठे, खाली बेकरी आहे, माझी आई सध्या पाहुणी आलीय आणि तिने रात्रीचं जेवण केलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोच, तुमचं इंग्रजी फार छान आहे हो. कुठे शिकलात?"